गुन्हा कबूल, आमा!

चेन्नईच्या पेरुंगुडीत राहून मी तमिळ शिकलो नाही, मान हलवायला शिकलो. भाजीवाली काही म्हणाली की 'आमा', वॉचमन काही म्हणाला की 'आमा'. एवढ्या होकारावर संसार चाललाय. शेवग्याच्या शेंगा गरजेपेक्षा जास्त येतात, इतकंच.

शेजारच्या अक्का विशेष शिक्षिका. पोलीस आणि वकिलांच्या प्रशिक्षणात त्यांना सरावासाठी साक्षीदार हवा होता: प्रश्न न कळणारा, तरी कळल्याचा आव आणणारा. "अख्ख्या पेरुंगुडीत तुमच्यासारखा माणूस नाही," त्या म्हणाल्या. मी खूश!

विषय होता बौद्धिक दिव्यांग साक्षीदाराची विचारपूस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं पोलीस, वकील, न्यायाधीश सगळ्यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांचे हक्क सक्तीचे केलेत.

इन्स्पेक्टर हसतमुख. पेनाचं बटण टकटकवत त्यांनी लांबलचक काहीतरी विचारलं. "आमा." तेच पुन्हा विचारलं. म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असणार, शाळेपासूनचा अनुभव! मी लगेच "इल्लै." थोड्याच वेळात मी सायकल चोरली होती, शिवाय त्याच वेळी मदुराईतही होतो. कागद पुढे आला, झोकात सही ठोकली. तेव्हा एक वकीलबाई म्हणाल्या, "पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत."

"समोरच्या साहेबाला बरं वाटावं म्हणून माणूस काहीही कबूल करतो," अक्का विजयी मुद्रेनं म्हणाल्या.

मग प्रशिक्षक चमूतला एक बौद्धिक दिव्यांग तरुण खुर्चीत बसला. त्याला प्रश्न आला (अक्का माझ्या कानात भाषांतर करत होत्या): "तू त्या वेळी तिथे नव्हतास, असं तर नाही ना?" तो शांतपणे म्हणाला, "कळलं नाही. छोटं विचारा." पेनाची टकटक थांबली. कुठे होतास? जेवणाआधी की नंतर? बरोबर कोण होतं? तीन प्रश्न, तीन सरळ उत्तरं. बी.ई. झालेला मी शेंगांच्या हिशोबात गढलो.

पुढे कायदा. अशा साक्षीदाराला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच त्याच्या घरी जायचं. मग वकीलबाई माझ्याकडे वळल्या: "असुरक्षित साक्षीदारांसाठी कोर्टात वेगळी जबाब केंद्रं उभारायचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा आदेश तुमच्या महाराष्ट्राच्याच खटल्यातला, स्मृती बडदे यांचा. ठाऊक असेलच?"

"आमा, आमा."

निघताना इन्स्पेक्टरांनी हात हातात घेऊन तमिळमध्ये आपुलकीनं काहीतरी विचारलं. मी तोंडभर हसून मान डोलावली. जिन्यात अक्कांनी उलगडा केला: पुढच्या सत्रात मी आरोपी आहे, आणि येताना सगळ्यांसाठी पुरणपोळ्या आणणार आहे.