प्रेमकादंबरीवाले काका

गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयात असे एक काका असतातच. ते वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसतात, पण लक्ष दारावर. कुणी तरुण किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या बाई जाडजूड फाइल घेऊन आत आल्या, की काका चष्मा कपाळावर चढवतात. “कादंबरी ना? प्रेमाची? बसा.” चहा आपण सांगायचा असतो.

ना. सी. फडक्यांचं 1931 सालचं ‘प्रतिभासाधन’ हे लेखनतंत्रावरचं पुस्तक काकांना पाठ आहे. त्यामुळे फाइल न उघडताच त्यांची तपासणी सुरू होते.

“नायक काय करतो?”

“बँकेत आहे.”

“राष्ट्रीयीकृत की सहकारी?”

“त्यानं काय फरक पडतो?”

“सहकारी करा. बुडवता येते. प्रेमात अडथळा नको?”

अडथळा हा काकांचा जिव्हाळ्याचा विषय. पूर्वी एक चिठ्ठी भलत्याच्या हाती पडली की चाळीस पानांची सोय व्हायची. आता मोबाइलवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि गैरसमज जागच्या जागी मरतो. यावर काकांचा तोडगा ठरलेला: नायिकेला रेंज नसलेल्या ठिकाणी पाठवा. त्यांच्या सल्ल्यानं ताम्हिणी घाटात अडकलेल्या नायिकांना एक एसटी पुरणार नाही.

शृंगाराबद्दल मात्र ते निर्भय आहेत. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं, हे ते आवाज चढवून सांगतात. “लिहा बिनधास्त! न्यायालय आपल्या पाठीशी आहे.” मग तुमच्या हस्तलिखितातलं ते पान येतं. काका इकडेतिकडे बघतात, पेन्सिल काढतात आणि समासात लिहितात, ‘इथे दिवा घालवावा.’

मजकूर पाठवण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा शब्द खरा. ऐसपैस समास सोडा, पानांवर क्रमांक घाला, एक प्रत स्वतःजवळ ठेवा. एकच कथा एका वेळी चार संपादकांना पाठवू नका. चौघांनी छापली तर तोंड कुठे लपवाल? “घर न बघता मुलगी देता का? मग अंक न वाचता कथा कशी पाठवता?” दिवाळी अंकासाठीचं लेखन पावसाळ्यातच पोचायला हवं. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नवरात्रात संपादकाला श्वास घ्यायलाही वेळ नाही. प्रकाशकाला आधी सारांश आणि दोन-तीन प्रकरणं पाठवा. तो पैसे मागायला लागला तर ओळखा, हा प्रकाशक नव्हे, छापखाना. आणि आठ दिवसांनी ‘वाचलं का?’ म्हणून फोन करू नका. वाचलं असतं तर त्यानंच केला असता.

एवढं जाणणाऱ्या काकांची स्वतःची कादंबरी? चालू आहे. पहिल्याच प्रकरणात नायक नायिकेला तार करतो. त्या तारेचा मजकूर काकांच्या मनासारखा उतरेना. शब्द कमी केले तर प्रेम कळेना, वाढवले तर नायकाला परवडेना. दरम्यान 2013 साली सरकारनं तारसेवाच बंद केली. आता नायकाला मोबाइल घेऊन द्यावा की कथा मागच्या शतकात न्यावी, यावर विचार चालला आहे. म्हणूनच काकांचं हस्तलिखित आजवर एकदाही ‘साभार परत’ आलेलं नाही. हा विक्रम ते अभिमानानं सांगतात.

त्यांच्याशी वाद घालून कादंबरी सोडून दिलेले पुष्कळ आहेत. मान डोलावून, चहाचे पैसे देऊन, घरी जाऊन लिहीत राहिलेले थोडे. पण छापून आलेले सगळे त्या थोड्यांतलेच. तेव्हा तुमच्या कपाटात प्रेमकादंबरी असेल, तर काकांकडून समास, सारांश आणि पावसाळ्याची मुदत एवढंच घ्या. नायिकेला घाटात पाठवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण शेवटचं प्रकरण लिहा, आणि पाकीट टपालात टाका.