ठिपक्याचं केळं आणि जपानचा उंदीर

‘काळे ठिपके पडलेल्या केळ्यात टीएनएफ तयार होतं आणि ते कॅन्सरच्या पेशी मारतं. हिरव्यापेक्षा आठपट गुणकारी. जपानी शास्त्रज्ञांचा शोध.’ हा मजकूर कितीतरी वर्षं मोबाईलवर फिरतोय. जळगावात तो जरा जास्तच प्रेमाने पुढे पाठवला जातो, कारण केळी आपली. रावेर-यावलचं नाव जगात गाजतंय म्हटल्यावर कोण तपासत बसणार?

तपासायला हवं होतं. शोध खरा आहे, आणि म्हणूनच त्यातली थाप पचते. तेइक्यो विद्यापीठातल्या संशोधकांचा हा निबंध 2009 साली ‘फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी रिसर्च’ या नियतकालिकात छापून आला. त्यांनी काय केलं? केळ्याचा अर्क काढला आणि तो सुईने उंदरांच्या पोटाच्या पोकळीत टोचला. मग उंदरांच्या शरीरात पांढऱ्या पेशी किती जमतात, टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) हे प्रथिन किती बनतं, हे मोजलं. केळं जितकं पिकलेलं, तितका परिणाम जास्त दिसला.

म्हणजे टीएनएफ बनवलं उंदराने. केळ्याने नाही. कॅन्सर बरा होतो का, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता. कुणा रुग्णाला केळी खाऊ घालून काही पाहिलेलं नव्हतं. एका वाक्याचा कर्ता बदलला आणि उंदराचं काम केळ्याच्या नावावर जमा झालं.

बरं, केळ्यात टीएनएफ असतं असं घटकाभर धरू. ते प्रथिन आहे. खाल्लं की डाळीतल्या प्रथिनासारखं पोटात पचून जाईल, गाठीपर्यंत पोचणार नाही. आणि ते वाढलं की भलंच होतं, हेही खोटं. 1975 साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ‘गाठ मारणारा घटक’ म्हणून त्याला नाव दिलं खरं. पण शरीरात दाह पेटवणाराही तोच, हे पुढे कळलं. संधिवाताच्या रुग्णांना आज महागडी इंजेक्शनं देतात ती टीएनएफ दाबण्यासाठी. ज्याला दाबायला लोक पैसे मोजतात, ते वाढवायला आपण डझनाने केळी सांगतोय!

मला राग येतो तो या मजकुराच्या शेवटच्या वाचकाचा विचार करून. घरात कॅन्सरचा रुग्ण आहे, केमोच्या तारखा लागल्यात, आणि कुणी नातेवाईक फोन करून सांगतो, ‘भाऊ, ते राहू दे, ठिपक्याची केळी दे.’ एक तारीख जरी चुकली तरी ती किंमत फॉरवर्ड करणारा भरत नाही. मधुमेह्याचंही तेच. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते. काळ्या ठिपक्याचं केळं त्याच्यासाठी औषध नव्हे.

आमच्या केळीला या थापेची गरजही नाही. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पोटॅशियम आणि ब-6 जीवनसत्त्व तिच्यात मुळातच आहे. ठिपक्याचं केळं गोड लागतं म्हणून खावं, एवढं कारण पुरेसं आहे.

फॉरवर्डच करायचं तर केळीवरचं कामाचं संशोधन पुढे पाठवा. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा केळीवरचा रोग, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, त्याने बागा उपटायची वेळ आणली. हा विषाणू मावा पसरवतो. विषाणू मारणारं फवारणीचं औषध नाही. बागेशेजारी किंवा आंतरपीक म्हणून काकडीवर्गीय पिकं, मिरची, टोमॅटो नको, कारण विषाणू तिथेही मुक्काम करतो. रोगट झाड दिसताच मुळासकट काढून नष्ट करायचं, आणि माव्याचा बंदोबस्त शेजारच्या बांधावरही करायचा. लागवडीआधी हा मजकूर सावद्यापासून चोपड्यापर्यंत प्रत्येक ग्रुपवर जायला हवा.