सोसायटीचा प्रसाद आणि मसावि

विरार पश्चिमेच्या सोसायटीत सत्यनारायण झाला की प्रसादाच्या पुड्या बांधायचे काम आयत्या वेळी कुणाच्या तरी गळ्यात पडते. अशा अभाग्याने शाळेतला महत्तम सामाईक विभाजक आठवावा. चुकून लसावि आठवला तर तो बाजूला ठेवावा. निम्म्या वर्गाचे मार्क तिथेच जायचे.

समजा, आगाशीहून आलेली सुकेळी 84 आहेत आणि पेढे 126. (सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. मोजताना दाराला आतून कडी लावावी.) 126 ला 84 ने भागावे, बाकी 42. मग 84 ला 42 ने भागावे, बाकी शून्य. शेवटचा भाजक 42, हाच मसावि. म्हणून पुड्या 42, प्रत्येकीत सुकेळी दोन, पेढे तीन. ही रीत युक्लिडने इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास लिहून ठेवली, आणि आर्यभटाने 499 मध्ये कुट्टक या समीकरणे सोडवण्याच्या रीतीसाठी असाच भागाकारांचा जिना उतरून दाखवला.

दोघांनाही सोसायटीचे सेक्रेटरी भेटले नव्हते.

सेक्रेटरी ‘ताजा आहे ना, बघू’ म्हणत एक पेढा तोंडात टाकतात. उरले 125. आता 84 आणि 125 यांचा मसावि 1, म्हणजे सारखी वाटणी हवी तर पुडी एकच. ती कुणाच्या घरी जाणार, यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. पण घाबरू नये. आणखी पाच पेढे चाखावेत. 120 उरले की मसावि 12 होतो. त्यावर 36 संपवले तर तो थेट 84. पेढे घटतात तसा मसावि वाढतो, हे सभासदांना समजावणाऱ्याने आधी तोंड पुसून घ्यावे.

तरीही कुणाला शंका असेल तर त्याने विरार स्टेशनवर उभे राहून डबे मोजावेत. साध्या लोकल 12 आणि 15 डब्यांच्या. पूर्वी 9 डब्यांच्याही धावत. तिन्हींचा मसावि 3, आणि या गाड्या जोडल्याही जातात तीन-तीन डब्यांच्या युनिटांनी: एक मोटर कोच, दोन बिनमोटरचे. बारा डब्यांच्या गाडीला आणखी एक युनिट लागले की पंधरा.

डब्यात शिरल्यावर मात्र वही मिटावी. बाकडे तिघांचे, बसायचे चौघांनी. 3 आणि 4 यांचा मसावि 1, आणि तो एक म्हणजे चौथ्या सीटवरचा, जो नालासोपाऱ्याला चढून ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो आणि अंधेरीपर्यंत अर्ध्या मांडीवर टेकून राहतो.