कार्ब्युरेटरखाली सागवान

काकांची प्रीमियर पद्मिनी त्यांच्या थोरल्या मुलापेक्षा वयाने मोठी आणि जास्त लाडकी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्याचं पेपरात आलं, तेव्हा काकांनी घरच्या गाडीला हार घातला आणि जाहीर केलं, "आता हिला जग दाखवायचं." जग म्हणजे भामरागड. बल्लारपुरात हयात घालवलेल्या माणसाला त्यापुढे छत्तीसगड दिसतं, जग दिसत नाही.

मुहूर्त निघाला मे महिन्याचा. "मे महिन्यात चंद्रपूरची शहाणी माणसं चिखलदऱ्याला जातात," काकू म्हणाल्या आणि पाण्याच्या बाटल्या भरायला लागल्या. गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी, आलापल्ली. इथवर पद्मिनी सासरी आलेल्या सुनेसारखी वागली. आलापल्लीनंतर पासष्टेक किलोमीटर जंगल, आणि तिथे तिने माहेरचे गुण दाखवले. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला असतो. इंजिन तापलं की पेट्रोलची नळीतच वाफ होते, आणि बिचारा पंप इमानदारीने ती वाफच ओढत बसतो. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. त्यामुळे बाटल्यांतल्या पाण्याचा पहिला मान पंपाला, उरलेलं माणसांना.

ताडगावच्या पुढे मात्र फडक्यानेही भागेना. काकांनी बॉनेट उघडलं. जुन्या गाडीचं बॉनेट उघडणं म्हणजे ग्रामसभेची दवंडी देणं. निर्मनुष्य वाटणाऱ्या त्या जंगलातून माणसं येतच राहिली. तेंदूपत्त्याच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला कॉइल गेली. मोटारसायकलवरची दोन पोरं म्हणाली प्लग. एका गुरुजींनी बॅटरीचा पक्ष घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तेंदूपानांचा भारा घेतलेली एक माडिया आजी थांबली, इंजिनात डोकावली, दोनच शब्द बोलली आणि निघून गेली. सगळे पोट धरून हसले. ती काय म्हणाली, ते आम्हाला कोणीही सांगितलं नाही.

पुढचा प्रवास ट्रॅक्टरच्या मागे, दोराने. पर्लकोटा नदीचा पूल अशा रीतीने ओलांडणं काकांना अपमानास्पद वाटलं. वास्तविक पावसाळ्यात हाच पूल बुडून भामरागडचा जगाशी संबंध तुटत आलाय. कोरड्या पुलावरून ओढून का होईना पोचलो, हे भाग्यच.

भामरागडच्या मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडला. टाकीतला गंज आत येऊन बसला होता. "काका, हा तं गेला. फ्लोटले भोक आहे, सुई घासली."

"ओरिजनल सोलेक्स मागवा मुंबईहून."

"मागवतो ना. पण तोवर इथल्या मतदार यादीत नाव टाका लागन तुम्हाले."

काका ओरिजनलवर अडून बसले. तेव्हा काकूंनी अलीकडच्या हेमलकशाकडे हात केला. "१९७३ पासून डॉक्टर प्रकाशभाऊ आणि मंदाताई आमट्यांनी तिथे कंदिलाच्या उजेडात ऑपरेशनं केली. आणि तुम्हाला ओरिजनल पाहिजे!" यावर काकांकडे उत्तर नव्हतं. कोणाकडेच नसतं.

दुकानामागे एक मारुती व्हॅन कायमची विसावली होती. मिस्त्रीने आतल्या कोंबड्या हुसकल्या आणि तिचा मिकुनी कार्ब्युरेटर काढून आणला. तो ७९६ सीसीच्या इंजिनाचा, म्हणून जेट मोठे करावे लागले. पद्मिनीचा ॲक्सिलरेटर सळ्यांवर चालतो, मारुतीचा केबलवर. तिथे सायकलच्या ब्रेकची तार आली. अडलं ते बुडाशी. बोल्टची भोकं जुळेनात, मधे जाड पट्टी हवी. ॲल्युमिनियमची तेवढी जाड पट्टी भामरागडात नव्हती. मिस्त्री घरात गेला आणि जुन्या मोडक्या चौकटीचा तुकडा घेऊन आला. सागवान.

"इंजिनात लाकूड?" काका किंचाळले.

"लोखंडाची गर्मी लाकूड वर चढू देत नाही काका. पेट्रोल उकळनच नाही."

हे खरं आहे. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारी पट्टी मोठमोठ्या कंपन्याही घालतात. तिला आलापल्लीचं सागवान वापरायची ऐपत मात्र आमच्याच मिस्त्रीची. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून मिरवणुकीने सागवान निघालं ते अयोध्येच्या राममंदिराला. त्यानंतरचा मान काकांच्या पद्मिनीला, हे काकांना पटवून दिल्यावर ते शांत झाले, थोडे फुगलेसुद्धा.

दोन्ही बाजूंना गॅस्केट, मधे सागवान, वर मारुती. गाडी सुरू झाली, आणि इतकी रेस पकडली की पायाशिवायच पळू लागली. मिस्त्रीने स्क्रू इकडे पिळला, तिकडे पिळला. "राहू द्या. आता फक्त बंद नका करू. गरम असताना लवकर उचलत नाही."

परतीला आम्ही गाडी बंद केलीच नाही. सपाटीवर काका मांडी घालून बसायचे. वननाक्यावर बांबू आडवा होता. गार्ड खिडकीशी आला.

"गाडी बंद करा!"

"होत नाही!"

"काय?"

"होत नाही म्हणतो!"

"लाकूडफाटा? सागवान वगैरे?"

काका आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, हीच काकूंची तक्रार आहे. "आहे!" ते इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडले. "कार्ब्युरेटरखाली!"

बॉनेट उघडलं. गार्ड वाकला, दुसऱ्यालाही हाक मारली. दोघांनी तुकडा निरखला. वाहतूक परवाना इंचांत देतात की घनमीटरमध्ये, यावर थोडी चर्चा झाली. मग पहिला गार्ड सरळ उभा राहिला आणि अगदी वेगळ्या, घरगुती सुरात त्याने विचारलं, "मारुतीचा बसवला का काका? ॲव्हरेज किती देते?"

काकांचा चेहरा उजळला. असल्या प्रश्नाचं उत्तर ओरडून देत नसतात. त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि सविस्तर सांगायला सुरुवात केली. नंतर धक्का द्यायला दोन्ही गार्ड होतेच.