दुसऱ्या चुलीस अनावृत पत्र

प्रति,
दुसरी चूल,
एककुटुंबी घराचे तळघर, क्वीन्स, न्यूयॉर्क शहर

विषय : एका कुटुंबाचे घर कायद्याने दोन कुटुंबांचे करण्याच्या कामी आपल्या अस्तित्वाबाबत

महोदया,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, न्यूयॉर्क शहराच्या झोनिंग नियमावलीनुसार, म्हणजे कोणत्या भूखंडावर काय आणि किती बांधावे हे ठरविणाऱ्या नियमांनुसार, एकत्र संसार करणाऱ्यांसाठी असलेल्या ज्या खोल्यांत अधिकृत स्वयंपाकाची जागा आणि स्वतंत्र स्नान-शौचाची सोय असते, त्या खोल्यांचा एक निवासी गाळा मानला जातो. त्यामुळे घरात म्हातारे आईवडील आले, मुलगा-सून आली, खाणारी तोंडे वाढली, तरी घर एककुटुंबीच राहते, परंतु खाली आपण पेटलात की तत्क्षणी दुसरे कुटुंब जन्माला येते. महाराष्ट्रातील भाऊबंदकीतही वाटणीचा पहिला पुरावा वेगळी चूल हाच असल्याने मराठी वाचकांस या न्यायाचे नवल वाटणार नाही. फरक इतकाच की, तेथे वेगळ्या चुलीसाठी भावाभावांचे भांडण पुरते, येथे आर्किटेक्ट लागतो.

हा आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनियर इमारत विभागाकडे नकाशे दाखल करतो, मंजुरीनंतर काम होते, तपासण्या होतात आणि शेवटी नवे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीचा कायदेशीर वापर व तीतील गाळ्यांची संख्या सांगणारा दाखला, मिळते. १९३८ पूर्वीच्या, वापर न बदललेल्या घरांना असा दाखला सक्तीचा नसल्याने त्यांच्या मालकांस घर आजवर एका कुटुंबाचे होते हे आधी सिद्ध करून मगच ते तसे राहू नये, अशी विनंती करता येते. त्यातही घर आर-१ किंवा आर-२ विभागात, म्हणजे सुट्या एककुटुंबी घरांसाठी राखलेल्या वस्तीत असेल, तर १९६१च्या नियमावलीने ही विनंतीच निरर्थक ठरविली होती. उत्साहाच्या भरात तिसरी चूल मांडली, तर घर १९२९च्या बहुकुटुंब निवास कायद्याच्या कक्षेत जाते, आणि तो कायदा फार कडक आहे.

आपल्या निवासस्थानाचाही विचार करणे भाग आहे. ज्या मजल्याची किमान निम्मी उंची रस्त्याच्या कडेच्या पातळीहून वर असते, तो बेसमेंट, आणि निम्म्याहून अधिक उंची खाली गेली की तो सेलर. बेसमेंटला सात फूट छत, पुरेशा खिडक्या आणि बाहेर पडण्याची वाट असल्यास भाडेकरू ठेवण्याची परवानगी मिळू शकते, सेलरला मात्र दीर्घकाळ ती नाकारली गेली, त्यामुळे एका इंचाने माणूस रहिवासी ठरे किंवा अडगळ. तरीही या अटींची निव्वळ टिंगल करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण १ सप्टेंबर २०२१च्या रात्री आयडा वादळाच्या पावसात या शहरात तळघरांतील घरांत ११ माणसे मेली, त्यांतील बहुतेक क्वीन्समध्ये. खिडकी आणि दार यांची अट त्या रात्री कागदी नव्हती. मनाई होती म्हणून ती माणसे तेथे राहत नव्हती असे झाले नाही. इतकेच झाले की, मालकाने त्यांना लपविले, आणि लपविलेल्या खोलीला दुसरे दार पाडण्यासाठी अर्ज कोण करणार?

डिसेंबर २०२४ मध्ये नगर परिषदेने झोनिंग नियमावलीत ‘सिटी ऑफ येस’ या नावाचे फेरबदल मंजूर केले, त्यानुसार एक-दोन कुटुंबांच्या घरांना ८०० चौरस फुटांपर्यंतचा एक पूरक गाळा जोडण्याची वाट खुली झाली, म्हणजे आपणांस उजेडात येण्याची संधी मिळाली. प्रमुख अटी अशा की, मालक त्याच आवारात राहणारा असावा आणि, तळघराच्या बाबतीत, जागा पुराचा धोका असलेल्या क्षेत्रात नसावी. पूरक्षेत्रात आज पेटलेल्या चुलींबाबत स्वतंत्रपणे कळविण्यात येईल.

कळावे,
एककुटुंबी घरांचे हितचिंतक