भिलाईत ब्लेड म्हणजे काय?

ब्लेड हा शब्द इंग्रजी असला तरी मराठी घरात तो इतका मुरला आहे की त्याला प्रतिशब्द सुचवणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. प्रतिशब्द आहे, आणि नात्याने सख्खा आहे. जुन्या इंग्रजीत ब्लेड म्हणजे झाडाचे पान. मराठी ‘पाते’ही संस्कृत ‘पत्र’ म्हणजे पानावरूनच आले. तरी व्यवहारात वाटणी पक्की झालेली आहे. गवत, तलवार आणि डोळा यांना पाते, दाढीला ब्लेड. ‘दाढीचे एक पाते द्या’ असे म्हणणाऱ्याचा दुकानदार आधी चेहरा पाहील आणि मग पदवी विचारील.

या शब्दाचे सगळे अर्थ एकाच गावात गोळा करायचे असतील तर भिलाईइतकी सोय दुसरीकडे क्वचितच होते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी निम्मा देश इथल्या क्वार्टरांत राहायला आला. एकाच रांगेत मराठी, मल्याळी, तमिळ, तेलुगू, बंगाली आणि ओडिया कुटुंबे, आणि घरकामाला येणारी छत्तीसगढी बाई. भाजी चिरायचे पायाखालचे हत्यार यांतल्या बहुतेकांकडे साधारण एकच; पण त्याला मराठी घरात विळी, बंगाली घरात बॉटी, तेलुगूत कत्तिपीट, तमिळमध्ये अरिवाळमणै, ओडियात पनिकी आणि छत्तीसगढीत पैसुल म्हणतात. ब्लेडचे बरोबर उलटे. उच्चार सगळ्यांचा एकच, आणि वस्तू प्रत्येकाच्या मनात वेगळी.

पहिला मान दाढीच्या ब्लेडचा. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थाच्या कंपनीने १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपवले. त्याची कल्पना अशी की ब्लेड वापरा आणि फेकून द्या. यातला ‘वापरा’ हा भाग भारतीय गृहस्थाने मनापासून स्वीकारला; ‘फेकून द्या’ त्याच्या गळी कधीच उतरले नाही. दाढी ओढायला लागली की काचेच्या ग्लासच्या आतल्या बाजूने ब्लेड घासून त्याची आणखी दोन दाढ्यांची सोय करायची. तेही संपले की ते मुलांच्या पेन्सिलीकडे जाते, तिथून शिवणाच्या डब्यात उसवायला, मग खिडकीच्या काचेवरचा रंग खरवडायला. या प्रवासात ते चौकटीवर कुठेतरी ठेवलेले असते, आणि ‘ब्लेड कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा बोटालाच आधी कळते. वसतिगृहातल्या मुलांनी दोन ब्लेडांमध्ये काडी अडकवून, वायर जोडून चहाचे पाणी तापवायचाही शोध लावला आहे. त्यात पाण्याआधी वॉर्डन तापतो, आणि त्याचे बरोबर असते.

सलूनमधला न्हावी ब्लेड कागदासकट मधोमध मोडून अर्धेच उस्तऱ्यात चढवतो. ‘नवं लावा हं’ हे वाक्य गिऱ्हाईक सवयीने म्हणते आणि न्हावी सवयीने ‘नवंच आहे’ म्हणतो. एड्सच्या जाहिराती सुरू झाल्यापासून हा संवाद दाढीच्या विधीचा भागच झाला आहे.

इथे भिलाईकराच्या अभिमानाला एक छोटीशी ठेच लागते. रेल्वेला लाखो टन रूळ पुरवणाऱ्या या कारखान्यात दाढीच्या ब्लेडचे पोलाद तयार होत नाही. गंमत म्हणजे रुळाच्या पोलादातले कार्बनचे प्रमाण, साधारण ०.७ टक्का, ब्लेडच्या पोलादातल्या कार्बनच्या अगदी जवळचे आहे. फरक क्रोमियमचा. ब्लेडमध्ये ते १३ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून ओल्या बाथरूममध्येही ते बराच काळ टिकते. साधा रूळ उन्हापावसात निवांत गंजत पडतो आणि त्याचे काही बिघडत नाही.

कारखान्यातली ब्लेड मात्र दांडगी. रेल मिलमध्ये रोलरांवरून लाल रूळ धावत येतो, आणि माणसाच्या छातीएवढी गोल करवत ठिणग्यांचा फवारा उडवत त्याच्यात घुसते. तेरा मीटरचा रूळ हवा असेल तर तापलेला असताना तो सुमारे अर्धा फूट जास्त ठेवून कापावा लागतो, कारण निवताना तो आखडतो. (शिंप्याला हे गणित धुतल्यावर आटणाऱ्या कापडावरून आधीच ठाऊक असते.) प्लेट मिलमध्ये शिअरची वरची-खालची ब्लेड जाड पोलादी पत्रा कडाकड तोडतात. त्यामुळे सेकंड शिफ्टवरून आलेला गृहस्थ ‘आज ब्लेड बदलण्यातच दोन तास गेले’ असे म्हणाला तर त्याच्या दाढीकडे पाहू नये. त्याच वेळी स्वयंपाकघरातून ‘इकडचंही बदलायचंय’ असा आवाज येतो, तो मिक्सरबद्दल असतो.

न कापणारी ब्लेड वेगळी. पंख्याची, कूलरची, टर्बाइनची. यांचे काम कापण्याचे नाही, वारा किंवा वाफ यांच्याशी झटण्याचे आहे, आणि आकाराने ती मूळच्या पानाला जास्त जवळची आहेत. भिलाईच्या मे महिन्यात कूलरचे ब्लेड हे घरातले सर्वांत आदरणीय ब्लेड असते. ते वाकून जाळीला घासू लागले की सगळे घर एकदम यंत्रशास्त्रज्ञ होते.

वर्कशॉपमध्ये हॅकसॉला हेक्सा म्हणतात. तिचे ब्लेड तीनशे मिलिमीटर लांब, आणि दात मुठीपासून पुढे तोंड केलेले, म्हणजे ते पुढे ढकलताना कापते. उलटे बसवून अर्धा तास घाम गाळणारा शिकाऊ मुलगा प्रत्येक वर्कशॉपला लाभतो. झिजलेले हेक्सा ब्लेड मात्र टाकत नाहीत. ग्राइंडरवर घासून एका टोकाला तिरकी धार काढतात, दुसऱ्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात, आणि झाला चाकू. वायर सोलणाऱ्यापासून चप्पल शिवणाऱ्यापर्यंत तो चालतो, आणि विकतच्यापेक्षा बरा चालतो.

लाक्षणिक अर्थांसाठी शेजारी हवेत. मल्याळी माणूस ‘ब्लेड’ म्हणतो तेव्हा तो भरमसाट व्याज घेणाऱ्या सावकाराबद्दल बोलत असतो. गिऱ्हाइकाला भादरणाऱ्या अशा धंद्याला केरळात ब्लेड कंपनी किंवा ब्लेड माफिया म्हणतात, आणि त्यांच्याविरुद्ध तिथल्या पोलिसांनी २०१४ मध्ये ‘ऑपरेशन कुबेर’ ही मोहीम काढली. पलीकडचा तमिळ तरुण तोच शब्द रटाळ बडबडीला वापरतो. ‘ब्लेड पोडादे’, म्हणजे पकवू नकोस. तमिळमध्ये कंटाळवाण्या बोलण्याला ‘अरुवै’, म्हणजे कापाकापी, म्हणतातच. हत्यार तेवढे इंग्रजी घेतले. मराठी माणसाला हा अर्थ पटकन कळत नाही, कारण त्याच्याकडे डोके कापत नाहीत, खातात. तेव्हा रांगेतल्या एखाद्याला ‘तो ब्लेड आहे’ असे कोणी म्हटले, तर बोलणारा कोणत्या राज्याचा हे आधी पाहावे. एकाच्या मते त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत, दुसऱ्याच्या मते त्याच्याकडे चहाला जाऊ नये. गर्दीच्या लोकलमध्ये ‘ब्लेड मारले’ याचा अर्थ मात्र सर्व भाषांत एकच, आणि तो खिशाला आधी कळतो.

उरला शेवटचा प्रश्न, वापरून झालेल्या ब्लेडचा. भिलाईतला कबाडी सायकलची रिम, कढई, कूलरचा पत्रा आनंदाने घेतो. दाढीचे ब्लेड घेत नाही. जाडी मिलिमीटरचा दहावा भाग, वजन जेमतेम पाऊण ग्रॅमच्या आत. किलोभर व्हायला दीड हजार तरी ब्लेड लागतात. आठवड्याला एक वापरणाऱ्या गृहस्थाला तेवढे जमवायला जवळजवळ एकोणतीस वर्षे जातात, आणि शेवटी कबाडी भाव देतो तो भंगाराचा.