एक अक्षर बाहेर काढण्याचा विधी

सी भाषेत पडद्यावर एक अक्षर उमटवायचे असेल तर साधकाने आधी मन स्थिर करावे, हाताशी पाण्याचा तांब्या ठेवावा आणि घरच्यांना ‘जेवायला थांबू नका’ असे सांगून टाकावे. काम एका ओळीचे आहे. ‘पुटचार’ लिहावे, कंसात अक्षर बसवावे, अर्धविराम द्यावा. झाले. तांब्या कशासाठी, हे पुढे कळेल.

प्रथम पात्रनिवड. पुटचार हे सरळमार्गी. मिळालेले अक्षर थेट स्टडआउट या प्रमाण आउटपुट-प्रवाहाकडे नेते. एफपुटसीला कोणत्या प्रवाहात टाकायचे तेही सांगावे लागते. पुटसी तेच काम करते, पण ते मॅक्रो असू शकते आणि प्रवाहाच्या जागी लिहिलेले गणित एकाहून अधिक वेळा करण्याची मुभा त्याला मानकानेच दिली आहे. म्हणून तिथे ‘प्लसप्लस’सारखी करामत करू नये. शिवाय एफप्रिंटएफमध्ये प्रवाह आधी येतो, एफपुटसीमध्ये शेवटी. असे का, हे विचारू नये. सासरच्या रीती समजून पाळाव्यात.

पुटचार हे नाव सीपेक्षाही जुने. केन थॉम्प्सनच्या बी भाषेत ते होतेच, आणि तिथे एका अक्षर-स्थिरांकात चार अक्षरे मावत. ब्रायन कर्निगन यांनी बीच्या शिकवणीत ‘हॅलो, वर्ल्ड’ हे असेच चार-चार अक्षरांचे घास करून भरवले होते. सीमध्ये आल्यावर पुटचारचा आहार एका बाइटवर आला.

मराठी साधकाला हे पथ्य लगेच जाणवते. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक २३५०. पुटचार हौसेने अख्खा पूर्णांक घेते, मग त्याचे ‘अनसाइन्ड चार’ या प्रकारात रूपांतर करते, म्हणजे आठ बिटांचा बाइट असलेल्या यंत्रावर २५६ ने भागून बाकी ठेवते. बाकी उरते ४६, आणि ४६ म्हणजे पूर्णविराम. ‘म’ म्हणायला तोंड उघडावे आणि वाक्यच संपावे! क्रमांक टाळून एकेरी अवतरणात थेट ‘म’ लिहिला, तर यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट होतात: २२४, १६४, १७४. जीसीसी हा कंपायलर कुरकुरतो आणि त्यातला शेवटचा तेवढा बाहेर पडतो. पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. उपाय आहे: सेटलोकेल करून पुटडब्ल्यूचार वापरावे. मात्र एकदा प्रवाह रुंद झाला की त्याच प्रवाहावर साधे पुटचार चालवायचे नाही. नवी ओळसुद्धा रुंदच हवी.

आता मुख्य प्रकरण. अक्षर ‘लिहिले’ म्हणजे ते पोचले असे नाही. स्टडआउट ही वडापची जीप आहे. पुटचार प्रवाशाला आत कोंबते आणि ‘बसला’ म्हणून हात झाडते; जीप मात्र भरल्याशिवाय हलत नाही. समोर टर्मिनल असेल तर नवी ओळ दिसताच ती सुटते, पण आउटपुट फाइलकडे वळवले की ओळींनाही दाद देत नाही. लिनक्सवर फाइलसाठी ही जीप बऱ्याचदा ४०९६ बाइटांची असते. चुकांचे निरोप नेणारा स्टडएरर मात्र रुग्णवाहिका: एक रुग्ण बसला की निघाली. म्हणूनच प्रोग्रॅम कोसळला की चूक झाल्याचा निरोप येऊन पोचतो आणि त्याआधी ‘छापलेली’ खुणेची अक्षरे जीपसकट दरीत जातात. मग बिचारा साधक भलत्याच ओळीत चूक शोधत बसतो. उलट, जीप उभी असताना फोर्क करून प्रक्रियेची प्रत काढली तर जीपचीही प्रवाशांसकट दुसरी प्रत तयार होते. दोन्ही प्रक्रिया नीट संपल्या तर एकदाच लिहिलेले अक्षर दोनदा उतरते.

जीप हाकलायला एफफ्लश आहे. एफफ्लशची गरज ज्याला पटत नसेल त्याने लिनक्सवर ‘/डेव्ह/फुल’ ही फाइल घ्यावी. तिथे जागा कायम संपलेलीच असते. आउटपुट तिकडे वळवून पुटचारला रोमन ‘के’ द्यावा. ते यश मिळाल्याच्या थाटात तोच ‘के’ परत करते. परतावा तपासला, तरी चूक सापडत नाही. मग एफफ्लश करावे. तेव्हा कुठे अपयशाची खूण म्हणून ईओएफ हाती येतो आणि जागा नसल्याचे उघड होते. बहुतेक जण एफफ्लशचा परतावा बघतच नाहीत. मेन शून्य परत करते आणि शेलला सारे आलबेल वाटते. जो बघतो, तो एरनो या चूक-क्रमांकाचा अर्थ लावायला बसतो. तोवर तांब्या रिकामा झालेला असतो आणि घरच्यांनी ताटेही उचललेली असतात.